एकच कोर्स धर, वही उघडी ठेव
एकदम दहा ऑनलाइन कोर्सना नाव नोंदवू नकोस. लिनिअर अल्जिब्रा, म्हणजे रेषीय बीजगणित, शिकायचंय ना? मग अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या मोफत संकेतस्थळावर गणिताचे प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्यानं बघ, १९९९ मध्ये वर्गातच चित्रित केलेली. फळा, खडू आणि स्ट्रँग, बस्स! इतक्या जिव्हाळ्याने शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण नुसतं बघत बसलास तर सगळं समजल्यासारखं वाटेल आणि गणित मात्र सुटणार नाही. त्यांनी फळ्यावर उदाहरण मांडलं की व्हिडिओ थांबव, वहीत स्वतः सोडव, मगच पुढे जा. पाऊण तासाच्या व्याख्यानाला दोन तास लागले तरी लागू देत. दर आठवड्याला गृहपाठाचा धाक हवा असेल तर एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ, आहेच. तिथे शिकणं फुकट, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला.