गाठ लागत नाही म्हणून थांबू नका, बायोप्सी करून घ्या

ताई, तुमच्या वहिनींचं वाचलं. वय ४१, उजवा स्तन तीन आठवडे लाल आणि गरम, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, सोनोग्राफीत गाठ नाही आणि आता डॉक्टर तिसरा कोर्स देतायत. मी डॉक्टर नाही, पण माझ्या नणंदेला इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, त्यामुळे सांगते, तिसऱ्या कोर्सची वाट बघत बसू नका, याच आठवड्यात ब्रेस्ट सर्जन नाहीतर कॅन्सरवाल्या डॉक्टरांना दाखवा. इन्फेक्शनच निघालं तर उत्तमच, पण मूल अंगावर पीत नसताना असं काही झालं आणि आठ-दहा दिवसांत औषधाने उतरलं नाही की तपासायलाच हवं.

या प्रकारात बऱ्याचदा गाठ नसतेच, कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या लसिकावाहिन्या (अंगातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) तुंबवतात म्हणून सूज आणि लाली येते. माझ्या नणंदेच्या स्तनावर ब्राच्या शिवणीचा वळ संध्याकाळपर्यंत तसाच राहायचा, आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी छिद्राछिद्रांची झालेली. वहिनींचं तसं आहे का बघा, रोज एकाच उजेडात तारखेसकट फोटो काढून ठेवा, किती झपाट्याने पसरतंय हे डॉक्टरांना त्यावरून कळतं.

मॅमोग्राफी, काखेसकट सोनोग्राफी, कोअर बायोप्सी (जाड सुईने स्तनातला तुकडा काढून तपासणं) आणि कातडीचा छोटा तुकडा, म्हणजे पंच बायोप्सी, एवढं होईल. कातडीचा तुकडा निगेटिव्ह आला तरी नुसत्या त्यावर कॅन्सर नाही असं ठरत नाही. रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशी हार्मोनला दाद देतात का ते) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन जास्त आहे का ते) हवंच, पुढची औषधं त्यावर ठरतात.

आणि घरातले म्हणतील आधी कापून टाका एकदाचं, आमच्याकडेही सासरे तेच म्हणत होते. ऐकू नका! हा आजार निदान होतानाच किमान तिसऱ्या स्टेजचा धरतात, त्यामुळे आधी केमो (हर-टू पॉझिटिव्ह असेल तर सोबत ट्रास्टुझुमॅबसारखी औषधं, त्यासाठी हार्टचा इको करतात), मग पूर्ण स्तन आणि काखेतल्या लसिकाग्रंथी काढायचं ऑपरेशन, मग रेडिएशन, असा क्रम असतो. स्तन वाचवायचं ऑपरेशन यात सहसा करत नाहीत.

खर्चासाठी सरकारच्या महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा. पुढे परळला टाटाला जायचं ठरलं तर लॅबकडून बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड (मेणात जपलेला तुकडा आणि त्याच्या काचपट्ट्या) मागून घ्या, नुसता कागद नेलात तर त्याच मागवण्यात दिवस जातात.