शुक्रवारचा पगार कापला, सोमवारी कामाला बोलावलं, मग सुट्टी नक्की होती कधी?

प्रश्न: मी कोल्हापुरात शाहूपुरीत एका मुंबईच्या कंपनीच्या ब्रँचला अकाउंट्समध्ये आहे, ब्रँचला आम्ही २४ जण. जानेवारीत लावलेल्या सुट्ट्यांच्या यादीत ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबर २०२५, शुक्रवार अशी होती. ४ तारखेला रात्री हेड ऑफिसचा ग्रुपवर मेसेज आला की सरकारने सुट्टी ८ ला नेली आहे, शुक्रवारी सर्वांनी यावे. आम्ही चौघांनी तो बघितलाच नाही. शुक्रवारी बँक बंद, पोरांची शाळा बंद, म्हणून घरीच राहिलो. सोमवारी मॅनेजर म्हणाले कोल्हापूर तर चालू आहे, पार्टीची बिलं अडकलीत, या. गेलो. आता पगारात शुक्रवारचे ६५० रुपये कापलेत. चूक आमची आहे का?

उत्तर: नाही ताई, तुमची चूक नाही, आणि रक्कम साडेसहाशेची आहे म्हणून गप्प बसू नका.

आधी त्या मेसेजचं बघू, कारण घोळ तिथंच झालाय. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, मुंबईत विसर्जनाचा बंदोबस्त आणि ईदचा जुलूस लागोपाठ नको म्हणून तिथं जुलूस ८ ला घ्यायचं ठरलं आणि सरकारनं सुट्टी पण ८ ला नेली. पण कुठली? फक्त मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांतली. बाकी महाराष्ट्रात, म्हणजे आपल्या कोल्हापुरात पण, ५ तारीखच कायम होती. हेड ऑफिसमधल्या कुणीतरी बातमीचं हेडिंग वाचलं, खालची ओळ वाचली नाही आणि मेसेज सगळ्या ब्रँचना टाकून दिला. लोकांचा गोंधळ होतो तो पण समजण्यासारखा आहे, कारण २०२३ ला अशीच सुट्टी २८ वरून २९ सप्टेंबरला गेली ती अख्ख्या राज्यात गेली होती, त्यामुळं यंदा पण तसंच असेल असं बऱ्याच जणांनी धरलं.

पण आता एक गोष्ट मी तुम्हाला स्पष्ट सांगतो, जी तुम्हाला आवडणार नाही. "सरकारी सुट्टी होती म्हणून आम्ही आलो नाही" हे तुमच्या अर्जात लिहू नका. सरकार दरवर्षी जी यादी काढतं ती निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ च्या कलम २५ खाली, हुंडी-वचनचिठ्ठीची, म्हणजे ठरल्या दिवशी पैसे द्यायच्या लेखी कागदाची, मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर काय करायचं त्याचा तो कायदा. त्या यादीनं सरकारी ऑफिसं आणि बँका बंद होतात, खाजगी कंपनीला तेवढ्यानं सुट्टी द्यावीच लागते असं नाही. सुट्टी सुट्टीत पण फरक असतोय बघा. १ एप्रिलची सुट्टी फक्त बँकांना, भाऊबीजेची जादा सुट्टी राज्य सरकारच्या ऑफिसांना पण बँक उघडी, आणि समजा त्र्यंबोली यात्रेला जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक सुट्टी दिली तरी बँका आणि कोर्ट चालूच. कसबा बावड्याला कोर्टात तारीख असताना "कलेक्टरनं सुट्टी दिलीया" म्हणून घरी बसलेले पक्षकार मी बघितलेत, आणि मग गैरहजेरीचा आदेश रद्द करून घ्यायला त्यांची किती धावपळ होते ते पण. त्यामुळं सुट्टी म्हटली की पहिला प्रश्न, कुणाची आणि कुणाच्या आदेशानं?

तुमची सुट्टी येते ती वेगळ्याच कायद्यातून, महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७. त्याच्या कलम १८ प्रमाणं कामगाराला वर्षाला ८ पगारी सुट्ट्या, त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या, आणि उरलेल्या ४ सणाच्या सुट्ट्या मालक आणि कामगारांनी आपापसात ठरवायच्या, कधी, तर वर्ष सुरू व्हायच्या आधी. हे "आधी" फार महत्त्वाचं आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत थंब मशीनच्या वर चिकटवलेली यादी आहे, खाली कंपनीचा शिक्का, आणि तिसऱ्या ओळीत ५ सप्टेंबर स्वच्छ वाचता येतंय. अशी ठरलेली तारीख आदल्या रात्री एका मेसेजवर एकतर्फी फिरवता येत नाही, निदान ज्यांनी तो वाचलाच नाही त्यांना गैरहजर धरून पगार तर कापता येतच नाही.

बरं, घटकाभर कंपनीचंच खरं मानू की सुट्टी ८ ला गेली होती. मग सोमवारी तुम्ही कामावर होता ते काय? सणाच्या सुट्टीला कामाला बोलावलं तर त्याच कलमात दुप्पट पगार आणि वर एक बदली सुट्टी द्यायला सांगितलीय. म्हणजे सुट्टी शुक्रवारी असेल तर कापलेले ६५० परत, आणि सोमवारी असेल तर त्या दिवसाचा दुप्पट पगार अधिक बदली रजा. शुक्रवारी पण सुट्टी नाही आणि सोमवारी पण नाही, असं दोन्ही डगरींवर हात ठेवून चालत नाही. माझ्या मते तुमच्या सगळ्या केसचा जीव एवढ्यातच आहे.

एक कमजोर बाजू पण सांगून ठेवतो. तुमच्या यादीत १२ सुट्ट्या आहेत, कायद्यानं ८ च लागतात, तर कंपनी म्हणेल की ईद ही आमच्या मर्जीतली वरची सुट्टी, कायद्यातल्या चारपैकी नाही. यादीत तसा फरक कुठं लिहिलेला नाही, आणि लेखी जाहीर केलेली सुट्टी हा नोकरीच्या अटींचाच भाग झाला असं आपण म्हणू शकतो, पण वाद होऊ शकतो एवढं डोक्यात ठेवा.

कोर्टाचं आत्ताच मनात आणू नका. आधी चौघांनी मिळून सह्यांचा एक साधा अर्ज मॅनेजरना द्या, मराठीतच लिहा, त्यात जानेवारीच्या यादीतली तारीख, मेसेज किती वाजता आला ते, सोमवारची पंचिंगची वेळ आणि शेवटी "शुक्रवारचा कापलेला पगार द्यावा, अन्यथा सोमवारचा दुप्पट पगार व बदली रजा द्यावी" एवढं पुरे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का देत नसतील तर मेल करा. यादीचा फोटो आणि मेसेजचा स्क्रीनशॉट आजच दुसरीकडं सेव्ह करा, ग्रुपवरचे मेसेज डिलीट व्हायला वेळ लागत नाही. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर हाच अर्ज सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचा, तिथं वकील लागतोच असं नाही, मला बोलवायची घाई करू नका. बहुतेक हेड ऑफिस पहिल्या अर्जावरच पैसे परत करेल, कारण त्यांचं उत्तर लिहायला बसलं की त्यांना पण कळेल की लिहिण्यासारखं काही नाहीय.

आणि डिसेंबरात पुढच्या वर्षाची यादी सहीला आली की त्यात एक ओळ घालून घ्या, "सणाची तारीख शासनाने बदलल्यास कोल्हापूर जिल्ह्याला लागू असलेली तारीख धरावी."