लाल डोळा म्हणजे दर वेळी ‘डोळे आले’ असं नसतं

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर आहे. कुष्ठरोगाचा 12 महिन्यांचा कोर्स गेल्या वर्षी संपला. आठवडाभर एक डोळा लाल आहे, ठणकतो, उजेड सोसत नाही. मेडिकलवाल्याने ‘डोळे आलेत’ म्हणून थेंब दिले. फरक नाही.

उत्तर : डोळे आले की चिपडं येतात, पापण्या चिकटतात. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. उलट ठणका आणि उजेडाचा त्रास लिहिलाय, म्हणून मला बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या सुजेची, म्हणजे आयरायटिसची शंका येते. कोर्सने जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष शरीरात बराच काळ राहतात आणि शरीर त्यांच्यावरच चवताळतं. यालाच कुष्ठरोगाची रिअॅक्शन म्हणतात. अंगावर दुखऱ्या लाल गाठी, ताप असेल तर तेही सांगा. सूज राहिली तर हा पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि नजर जाते. आजच सिव्हिलला किंवा जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि कुष्ठरोगाचं कार्ड आधी दाखवा. ते लपवल्यामुळे महिने वाया गेलेले पेशंट मी पाहिलेत. स्टेरॉइडचे थेंब मात्र तपासणीशिवाय नकोत. बुबुळावर जखम असेल तर ती चिघळते.

प्रश्न : आयरायटिससाठी अॅट्रोपिन चालू आहे. मोबाइल धूसर दिसतो, उन्हात डोळा दिपतो. बंद करू?

उत्तर : नको. बाहुली मोठी ठेवणं हेच त्याचं काम. थेंब थांबल्यावर आठ-पंधरा दिवसांत नजर पूर्ववत होते. तोवर गॉगल घाला. सोलापूरच्या उन्हात तो एरवीही लागतोच.

प्रश्न : सुजलेल्या डोळ्यातून घरच्यांना कुष्ठरोग होईल?

उत्तर : नाही.

प्रश्न : आई बिड्या वळते. तिला पूर्वी कुष्ठरोग होता. झोपेत तिचा डावा डोळा अर्धा उघडा राहतो. दुखत मात्र नाही.

उत्तर : दुखत नाही, याचीच मला धास्ती वाटते. पापणी मिटवणारी नस दुबळी आणि बुबुळाची संवेदनाही गेलेली असेल, तर तंबाखूचा कण आत खुपत राहिला तरी तिला कळणार नाही, आणि बुबुळावर फूल पडेल. तिला डोळे हलकेच मिटायला सांगा आणि फट राहते का पाहा. हे सहा महिन्यांच्या आतलं असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी नस सावरू शकते, म्हणून उशीर नको. तंबाखूच्या हाताने डोळा चोळू नये. बिडीला दोरा गुंडाळला की दर वेळी डोळे घट्ट मिटायचे, ही सवय लावा. रात्री डॉक्टरांनी दिलेलं मलम घालून डोळा झाका आणि सकाळी आरशात लाली आहे का, ते तिलाच बघू द्या.