चार पानांचे चिन्ह छापण्यापूर्वी

नव्या फोर-एच क्लबची, म्हणजे अमेरिकेतील मुलामुलींच्या विकासासाठीच्या फोर-एच या उपक्रमाच्या स्थानिक गटाची, जबाबदारी तुम्ही घेतलीत याचा आनंद आहे, पण मुलांचे टी-शर्ट छपाईला देण्यापूर्वी काऊंटीच्या (जिल्ह्याच्या) एक्स्टेन्शन कार्यालयाची, म्हणजे फोर-एच चालवणाऱ्या स्थानिक विस्तार कार्यालयाची, परवानगी घ्या. फोर-एच हे नाव आणि त्याचे हिरवे चिन्ह यांना अमेरिकेच्या संघराज्य कायद्याचे, १८ यूएससी ७०७ या कलमाचे, संरक्षण आहे. त्यांची व्यवस्था तेथील कृषी खाते पाहते.

चिन्ह नेहमी अधिकृत फाइलमधूनच घ्या. चार पाने, प्रत्येकावर पांढरा एच आणि उजवीकडे वळलेला देठ, हे सारे अखंड दिसले पाहिजे. हेड, हार्ट, हँड्स आणि हेल्थ या चार शब्दांसाठी ते चार एच आहेत, म्हणून एकही पान झाकू नये. आमच्या पहिल्या फलकावर एका पानावर मेंढीचे छायाचित्र आले होते आणि जागेत बसवण्यासाठी चिन्ह आडवे ताणले गेले होते. तो संपूर्ण फलक पुन्हा छापावा लागला. देठाजवळची '१८ यूएससी ७०७' ही बारीक अक्षरेही वाचता आली पाहिजेत, नाहीतर चिन्हाचा आकार वाढवा.

देणगीदार दुकानाचे बोधचिन्ह जोडून छापायचा आग्रह झाला, तर नम्रपणे नकार द्या. आभार जरूर मानावेत, मात्र त्या दुकानाच्या मालाची फोर-एच शिफारस करते, असा समज कुठेही होता कामा नये. मला हाच नियम सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पालक त्या चिन्हाकडे पाहूनच आपल्यावर विश्वास टाकतात.