परदेशी जावयाचं सोलापुरातलं बिऱ्हाड

प्रश्न : ताई, मी मूळची सोलापूरची, आता जर्मनीत. नवरा जर्मन आहे, लग्नाला तीन वर्षं झाली. आई सोलापुरात एकटी असते आणि गुडघ्यांमुळं तिला जिना चढवत नाही. म्हणून वर्षभर तिथं येऊन राहायचा विचार आहे. नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं, ते तो तिथून करेल. भारतातली व्यापारी गावं फार स्वस्त असतात असं त्यानं कुठंतरी वाचलंय, तेवढ्यावर स्वारी खूश आहे. मैत्रिणी म्हणतात, पुण्यात घर घ्या आणि शनिवार-रविवार आईकडे जा. आईच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. काय करावं?
– एक वाचक, फ्रँकफर्ट

उत्तर : पुणे डोक्यातून काढा. अडीचशे किलोमीटर दर आठवड्याला येणं-जाणं दोन महिने होतं, मग एकेक रविवार गळायला लागतो. आईसाठी यायचं तर सोलापुरातच या.

पण वरच्या मजल्यावर राहू नका. माझं हे बोलणं तुमच्या आईला आवडणार नाही, तरी सांगते. जावई वर राहतोय म्हटल्यावर आई खाली स्वस्थ बसेल का? सकाळी चहा झाला का, दुपारी भाजी तिखट झाली का, रात्री दिवा का चालू आहे! गुडघे धरून ओट्यापाशी उभी राहील आणि तुम्ही तिला बघायला आलात की तिनं तुम्हाला, हेच कळेनासं होईल. अधिक महिन्यात धोंडे घालून जावयाचा मान करणं वेगळं. बारा महिने जावई जेवायला, हे सत्तरीच्या बाईला झेपत नाही. त्याच भागात, दोन गल्ल्या सोडून घर भाड्यानं घ्या. विजापूर रोड, जुळे सोलापूर, होटगी रोड या बाजूला दोन बेडरूमचा बरा फ्लॅट दहा-पंधरा हजारांत मिळतो. सोलापूर स्वस्त आहे ना? मग त्या स्वस्ताईचा उपयोग इथं करा. रोज दोनदा आईकडे जा आणि रात्री आपल्या घरी झोपा.

घर बघताना खोल्या मागाहून मोजा. आधी पाण्याचं विचारा. तुम्ही इथल्या आहात, पण बाहेर राहून माणूस विसरतो. उजनी धरण शंभर टक्के भरल्याचा फोटो पेपरात येतो आणि नळाला मात्र पाणी चार-पाच दिवसांआड. किती वाजता येतं, खालचा हौद केवढा, मोटर स्वतंत्र की सगळ्यांत एक, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का, हे घरमालकाला नाही, शेजारणीला विचारा. आमच्याकडे रात्री दोनला पाणी येतं. एका घराची मोटर घुरघुरली की गल्लीभर दिवे लागतात, अंगणात पाइप ओढल्याचे आवाज सुरू होतात. नवऱ्याला पहिल्या रात्री चोर आले असं वाटेल. आधी सांगून ठेवा.

आता कागदपत्रं. लग्नाची नोंदणी होऊन सलग दोन वर्षं झाली असतील, तर भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. तुमची तीन झालीत. मात्र तुम्ही अजून भारतीय पासपोर्टवर आहात की जर्मन झालात, ते तुम्ही लिहिलेलं नाही. जर्मन झाला असाल तर आधी तुमचं स्वतःचं ओसीआय झालेलं हवं. हे काम तिथूनच उरकून या. चौकशीला वेळ लागतो, तिकिटं आधी काढू नका. ओसीआय असलं की व्हिसाच्या मुदतीची कटकट नाही आणि पोलिसांकडे परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही नाही. नवरा साध्या एन्ट्री व्हिसावर आला आणि तो व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असला, तर साधारणपणे आल्यापासून १४ दिवसांत ऑनलाइन नोंदणी करावी लागते. शिवाय त्या व्हिसावर लॅपटॉपचं काम चालतं की नाही, हा प्रश्न लेखी विचारल्याशिवाय गृहीत धरू नये. ओसीआयवर शेतजमीन मात्र घेता येत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तुमचा कुणीतरी मामा बार्शी रोडला दोन एकर दाखवायला नेणारच.

कराकडे दुर्लक्ष नको. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त इथं राहिलं की माणूस करासाठी इथला रहिवासी होतो. पगार जर्मनीतल्या खात्यात जमा झाला तरी काम सोलापुरात बसून केलेलं असेल, तर ते उत्पन्न इथलं धरलं जातं. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा फायदा आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. निघण्याआधी कंपनीची लेखी परवानगी घ्या आणि इथल्या सीएला एकदा भेटा. त्याची फी या सगळ्यात सगळ्यात स्वस्त पडेल. जर्मनीतला सरकारी आरोग्य विमा भारतात चालत नाही, तेव्हा वेगळा विमा काढा.

खर्चाचं म्हणाल, तर सोलापूर सोलापूरकरासारखं राहणाऱ्याला स्वस्त आहे. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, मंडईतली भाजी, जवळच्या कामाला शेअर रिक्षा, यात पैसे जात नाहीत. चीज, चांगला पाव, ऑलिव्ह तेल यांच्या मागे लागलात की निवड थोडी आणि दाम जास्त. दर महिन्याला पुण्याची फेरी ठरलेली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा एसीचं बिल भाड्याच्या मांडीला मांडी लावून बसतं. इन्व्हर्टर घ्या.

मी बरीच वर्षं टॉवेलच्या निर्यातीची कागदपत्रं करत होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग बसवायला परदेशी तंत्रज्ञ यायचे. त्यातले जे हॉटेलात राहून पावाची वाट बघायचे, ते पंधरवड्यात वैतागायचे. एक जण मात्र कडक भाकरीवर इतका खूश, की टेबलाच्या खणात चळत ठेवायचा. दुपारी तुकडा मोडून दह्यात बुडवायचा, वर शेंगाचटणी, आणि चुरा पडू नये म्हणून खाली आमचीच शिपिंग बिलं पसरायचा. तो काम संपल्यावरही आठवडाभर रेंगाळला.

वेळेचं गणित तुमच्या फायद्याचं आहे. जर्मनीचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. म्हणजे त्याची सकाळ मोकळी. आईला डॉक्टरकडे नेणं, मंडई, बँक, सगळं तेव्हा उरका. त्यालाही एकट्याला बाहेर सोडा. सिद्धेश्वर तलावाला फेरी मारू दे, पक्ष्यांची आवड असेल तर हिवाळ्यात हिप्परगा तलाव आहे. मराठी चार वाक्यं शिकवा, पण पुस्तकातली नको. इथं पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडचा माणूस कानडी, आणि रिक्षावाला विचारणार, "काय करलालाव?" म्हणजे काय करताय. लोक टक लावून बघतील, पगारही विचारतील. चिडू नये. याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि तिथलीच मुलगी केली. परक्या देशातली सोयरीक सोलापूरला नवी नाही.

यायचं तर डिसेंबरात या. थंडीत हुरडा, जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे तिथली जत्रा. गाव आवडायला तेवढे दोन महिने मिळतात, मग ऊन सोसतं. मेमध्ये उतरलात तर तो जूनमध्ये परतीचं तिकीट बघेल.

प्रश्न : आमचा वरचा फ्लॅट एका परदेशी इंजिनिअरला हवा आहे. घरचे म्हणतात, पोलिसांची भानगड नको. देऊ का?
– एक घरमालक, सात रस्ता

उत्तर : द्या. भानगड न कळवल्यानं होते, ठेवल्यानं नाही. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती घ्या, व्हिसाची मुदत स्वतः वाचा. परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची असते. ती जबाबदारी तुमची, त्याची नाही. हॉटेलवाले हे रोज करतात. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो. 'कंपनी ओळखीची आहे' म्हणून कोऱ्या स्टॅम्पवर भागवू नका. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या आणि पोच जपून ठेवा. डिपॉझिट इतरांकडून घेता तेवढंच घ्या. गोरा आहे म्हणून भाडं दुप्पट सांगितलंत, तर तो शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाईल आणि तिथल्या वॉचमनकडून खरा भाव त्याला त्याच दिवशी कळेल.