सात वाजताचा भोंगा

प्रश्न : मी एका खासगी कंपनीत नोकरी करते. घरी परतल्यावरही कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश येत राहतात; पती बातम्यांत आणि मुलगा रील्समध्ये गुंतलेला असतो. दर रविवारी मी मोबाइलचा उपवास धरते, पण दुपारपर्यंत तो मोडतो आणि उरलेला दिवस स्वतःवर चिडण्यात जातो. इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केल्यास ही सवय सुटेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : शिबिर अवश्य करावे, पण मोबाइल सुटावा म्हणून नव्हे. तेथे फोन सुरुवातीलाच जमा करावा लागतो, मौन पाळावे लागते आणि सभोवतालचे सगळेच तसे वागत असतात; त्यामुळे त्या दहा दिवसांत फोनची ओढ खऱ्या अर्थाने कसोटीला लागतच नाही. परतल्यावर घर तेच असेल आणि ग्रुपही तोच.

आपला उपवास मोडतो तो मनाच्या दुबळेपणामुळे, असे मला वाटत नाही. आपण एकट्याच फोन बाजूला ठेवता, तेव्हा संदेश पाठवणारे थांबत नाहीत आणि शेजारी बसलेले दोघेही पडद्यातून मान वर काढत नाहीत. शिवाय रील्सना शेवट नसतो. एक संपते न संपते तोच पुढची सुरू होते, आणि ‘आता पुरे’ असे सांगणारी खूण त्या रचनेत मुद्दामच ठेवलेली नाही. ती खूण बाहेरून आणावी लागते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये आणली. करोनाकाळातील ऑनलाइन वर्गांमुळे मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, तेव्हा रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजवून टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे व साडेआठला दुसऱ्या भोंग्याने ही बंदी उठवायची, असे गावाने ठरवले. पुरुषांनी ही कल्पना आधी हसण्यावारी नेली होती. महिलांना एकत्र बोलावल्यावर तिला बळ मिळाले, आणि आशा व अंगणवाडी सेविकांनी घरोघरी जाऊन ती रुजवली. येथे कोणाच्या निग्रहाची परीक्षा नव्हती, कारण वेळ सर्वांची एकच होती.

आपल्या तिघांच्या घरालाही हे जमण्यासारखे आहे. संपूर्ण रविवार सोडून द्यावा आणि रोजचा एक तास मुलाला विचारूनच ठरवावा. वरून लादलेला तास तो पाळणार नाही. त्या तासात तिन्ही फोन दिवाणखान्यात एकाच जागी असावेत, पतींचाही. कार्यालयाला स्पष्ट सांगावे की तातडीचे असेल तर फोन करा, बाकीचे सकाळी पाहीन. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क मिळावा, यासाठी सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा ही मर्यादा सध्या आपली आपणच घालून घ्यावी लागेल.

त्या तासात ध्यानाची सक्ती मात्र नको. मुलगा प्रारंभी कंटाळेल, कुरकुरेल. त्याच्यासाठी लगेच खेळ किंवा छंदवर्ग शोधू नयेत; काही काळ त्याला कंटाळू द्यावे.