कार्डावर लिमिट तरी लिहिलेलं असतं

मुलाला क्रेडिट कार्ड द्यावं का, हा प्रश्न पूर्वी माझ्याकडं येत नसे. मोबाइल द्यावा का, गाडी द्यावी का, इथंच पालकांचं घोडं अडायचं. आता मूल अकरावीत गेलं किंवा पुण्याला शिकायला निघालं की हा विषय निघतोच. कोल्हापुरात राजारामपुरीत, क्लासेसच्या गर्दीत माझं समुपदेशन केंद्र आहे, त्यामुळंही असेल. येणारं जोडपं बहुधा घरी भांडून आलेलं असतं. एकाला कार्ड द्यायचं असतं, दुसऱ्याला नसतं आणि दोघांनाही माझ्याकडून निकाल हवा असतो. तो मी देत नाही.

कायद्याचं तेवढं आधी उरकते. १८७२ च्या करार कायद्यानुसार अठराच्या आतल्या व्यक्तीशी केलेला करार टिकत नाही, म्हणून तिच्या स्वतःच्या नावावर क्रेडिट कार्ड मिळत नाही. मिळू शकतं ते आई किंवा वडिलांच्या खात्यावरचं ॲड-ऑन कार्ड. त्यासाठी किमान वय किती, हे प्रत्येक बँकेचं वेगळं असतं. बिल भरायची जबाबदारी मात्र सगळी मूळ कार्डधारकाची. हप्ता चुकला तर सिबिल, म्हणजे पत दाखवणारा स्कोअर, त्याचा बिघडतो, मुलाचा नाही.

एवढं सांगितलं की निम्मे पालक उठायला लागतात. उरलेल्यांपैकी एका कुटुंबाची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, मुलीला आपण सई म्हणू. वय सोळा, अकरावी सायन्स. वडिलांचं उद्यमनगरात मशीन शॉप. आई घर सांभाळते आणि गल्लीतल्या बायकांची भिशी चालवते. हा दुसरा उद्योग मला तिसऱ्या भेटीपर्यंत कुणी सांगितला नव्हता.

वडिलांचं म्हणणं सरळ होतं. “मॅडम, आमचा धंदाच क्रेडिटवर चालतोय. माल आज देतो, पैसे नव्वद दिवसांनी. पोरगीला आत्तापासून सवय लागली तर बिघडतंय काय? पंचगंगेत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात न्हवं, तसं समजा. लहान लिमिटचं कार्ड.”

आई तोपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, “डबा कुणाच्या पाठीला हाय ते बघा की. उडी मारणार ती, आणि बुडणार तुम्ही.”

ॲड-ऑन कार्डाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही बँकेच्या माहितीपत्रकात वाचलेलं नाही.

पण आईचा नकार त्या हिशोबातून येत नव्हता. पोरीच्या हातात पैसा खेळला की पोरगी हाताबाहेर जाते, हे तिच्या मनात पक्कं होतं. वडिलांच्या मनातही असंच एक वाक्य होतं, ते बाहेर यायला वेळ लागला: “माझ्या पोरीला कुणापुढं हात पसरायला लागू नये. माझ्यापुढं पण नाही.” माझ्या कामाची सगळी बैठक यावरच आहे. माणसाला प्रसंग छळत नाही, त्या प्रसंगाबद्दल तो मनाशी जे घोकत असतो ते छळतं. दोघं कार्डावरून भांडत होते असं त्यांना वाटत होतं. खरं तर दोन वाक्यं एकमेकांशी भांडत होती आणि कार्ड मध्ये सापडलं होतं.

मग मी तिघांना एकेक चिठ्ठी दिली. सईवर महिन्याला किती खर्च होतो, तो आकडा प्रत्येकानं लिहायचा. बघायचं नाही, विचारायचं नाही. हा माझा आवडता प्रयोग आहे आणि तो सहसा वाया जात नाही. वडिलांनी लिहिलं पाच हजार. आईनं अठरा हजार, क्लासची फी बारा महिन्यांत वाटून. सईनं लिहिलं, “माहीत नाही.”

तिला एकटीला थांबवून घेतलं.

“तुला कार्ड कशाला हवंय गं?”

“वर्गातल्या दोघींच्याकडं आहे.”

“ते झालंच. अजून?”

बराच वेळ ती पेनाचं टोपण उघडझाप करत राहिली. मी विचारत सुटले नाही. या कामात गप्प बसणं हेही काम असतं, नव्या समुपदेशकांना ते पटवून देणं फार अवघड जातं.

मग ती म्हणाली, “मॅडम, कार्डावर लिमिट तरी असतंय. आमच्यात कळतच नाही किती आहे ते. मागच्या महिन्यात पप्पांनी न मागता साडेपाच हजाराचे बूट आणले. या महिन्यात मी झेरॉक्सला दोनशे मागितलो तर म्हणाले, झाड लागलंय काय पैशाचं. मी काय चुकलो, तेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी परत मागायचं असलं की मी आधी त्यांचं तोंड बघतो.”

सोळा वर्षांच्या मुलीनं सगळं प्रकरण उलगडून माझ्यासमोर ठेवलं होतं. तिला उधळायला कार्ड नको होतं. तिला आकडा हवा होता. एका कंपनीचं नव्वद दिवसांचं बिल जमा झालं की घरात बूट यायचे, आणि ते थकलं की दोनशे रुपयांवरून आरडाओरडा व्हायचा. मधली कडी कुणी सांगितलीच नव्हती, म्हणून पोरीनं तिचा अर्थ लावला होता: पप्पांचा मूड. ती पैसे ओळखायला शिकत नव्हती, चेहरे ओळखायला शिकत होती. वडील म्हणत होते, तिला हात पसरायला लागू नये. आणि ती रोज तेच करत होती, फक्त आधी अंदाज घेऊन.

तिच्या परवानगीनं हे मी पुढच्या भेटीत वडिलांसमोर ठेवलं. ते लगेच म्हणाले, “लहान मुलांना धंद्याची टेन्शनं कशाला द्यायची?” मी विचारलं, “टेन्शन दिलं नाही असं तुम्हाला वाटतं?” त्यावर ते काही बोलले नाहीत. पाच मिनिटांनी सईकडं वळून म्हणाले, “शिरोलीच्या पार्टीचे दोन लाख अडकलेत. दिवाळीपर्यंत हात आखडताच राहणार.” सई म्हणाली, “मग आधी सांगायचं की.” तिच्या आवाजात राग नव्हता, सुटका होती. घरात जे कार्डाला देता आलं नसतं, ते या एका वाक्यानं दिलं. ही भेट माझ्या लक्षात राहिली आहे आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटतो.

त्यानंतर कार्डाचं बोलणं सोपं झालं. भिशीवाल्या आईला मी मुद्दाम पुढं केलं. वीस हजारांचं बिल आलं आणि ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे किमान भरायची रक्कम म्हणून पाच टक्के, म्हणजे हजारच भरले तर काय होतं? महिना साडेतीन टक्के दर धरा, कार्डाचे दर साधारण याच घरात असतात. तिनं कॅल्क्युलेटर न घेता सांगितलं: उरलेल्या एकोणीस हजारांवर महिन्याचं व्याज ६६५. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सव्वाशेच्या आत-बाहेर. हजार भरून कर्ज कमी झालं जेमतेम दोनशे. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं, बिल पूर्ण भरणाऱ्याला मिळणारी पन्नास दिवसांपर्यंतची बिनव्याजी सवलत उडते. “आमच्या भिशीत शेकडा दोननं देतो, तरी बायका कुरकुर करत्यात,” ती म्हणाली. सई आईकडं बघतच राहिली. पैशाचा शिक्षक घरातच होता, पण मुलगी बिघडेल म्हणून तिला भिशीच्या वहीजवळ येऊ दिलं जात नव्हतं.

माझं पालकांना सांगणं असं, की क्रम उलटा करू नका. आधी मुलाचे स्वतःचे पैसे, मग उधारीचे. रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवायची मुभा दिली आहे, मर्यादा बँक ठरवते. खात्यात आहे तेवढेच खर्च होतात, आणि संपले की संपले, हा अनुभव कार्डातून येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं यूपीआय सर्कल आणलं. त्यात मूल स्वतःच्या मोबाइलवरून पालकांच्या खात्यातले पैसे खर्च करू शकतं. हवं तर प्रत्येक व्यवहाराला पालकांची मंजुरी लागते, नाहीतर महिन्याला १५,००० पर्यंत मर्यादा घालून मोकळीक देता येते. पण सोळा वर्षांच्या मुलाच्या प्रत्येक वडापावला मंजुरी देत बसू नका, त्यातून तो फक्त लपवायला शिकतो.

आणि मुलाला दर महिन्याला ठरवून दिलेली रक्कम मध्यातच संपली तर भरून देऊ नका. पालकांना हे सगळ्यात जड जातं. सईलाही कार्डाऐवजी अशी ठरलेली रक्कम मिळू लागली, आणि दुसऱ्याच महिन्यात तिनं मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती सगळी घालवली. आईनं पुढचे दहा दिवस डबा दिला, केएमटी बसचा पास होताच, पण एक रुपया दिला नाही. बोलणीही दिली नाहीत, आणि हे त्याहून अवघड. शिक्षा आणि परिणाम यांतला फरक मुलांना बरोबर समजतो, गोंधळ आपलाच असतो.

ॲड-ऑन द्यायचंच झालं तर त्याची मर्यादा मूळ कार्डापेक्षा बरीच कमी ठेवा, ॲपमधून परदेशी व्यवहार बंद करा, प्रत्येक खर्चाचा मेसेज दोघांच्या मोबाइलवर येऊ द्या आणि महिन्याचं स्टेटमेंट मुलाला मोठ्यानं वाचायला लावा. सही त्याची नसली तरी वाचन त्याचं असू द्या.

सई आता पुण्यात आहे. अठरा पूर्ण झाल्यावर वडिलांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा बिलाची तारीख कोणती, एवढंच तिनं आधी विचारलं आणि लिमिट दहा हजारच ठेवा म्हणाली. कार्ड झालं. आईचं म्हणणं अजूनही आहे की गरज नव्हती. मागच्या वेळी भेटल्यावर तिनं मला भिशीत सामील व्हायचं आमंत्रण दिलं, ते मात्र मी टाळलं.